खांद्यावर हात पडेपर्यंत

"सायेबबाई, ह्ये तीन. मोजून घ्या."

केरबामामांनी धरणाचे दरवाजे चालवणाऱ्या विजेच्या पेटीतून चिनीमातीचे तीन फ्यूज उपसले, एकेक करून माझ्या तळहातावर ठेवले आणि लगेच परतही घेतले. कमरेला गुंडाळलेल्या उपरण्याच्या टोकात ते बांधून वर गाठ मारली. मग पेटीचं लोखंडी दार लावलं आणि त्या दाराला पाठ टेकून पुलावर मांडी घालून बसले.

"आता?" मी विचारलं.

"आता बसायचं. खाली काम चालू झालं."

"खाली कोण आहे?"

"माझं मानूस हाय."

मी कठड्यापाशी गेले. दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरूनही मला खाली बघवेना. एक खाकी सदरा आणि डोक्याला गुंडाळलेला टॉवेल शिडीवरून उतरताना दिसला, तेवढंच. मी मागे सरले.

एकोणीसशे सत्त्याऐंशीचा एप्रिल होता. मी तेवीस वर्षांची होते. कऱ्हाडला यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन पाटबंधारे खात्यात नुकतीच लागले होते आणि पहिलीच नेमणूक भुदरगडच्या डोंगरात, तांबळी धरणावर झाली होती. धरण फार मोठं नव्हे. सांडव्यावर पाच वक्र दरवाजे, पण एकेकाचं वजन तीस टनांच्या पुढे. उन्हाळ्यात पाणी दरवाजांच्या खाली उतरलं की त्यांची देखभाल निघायची. पुलावरच्या गिअरपेट्यांतलं तेल बदलायचं, दरवाजा उचलणाऱ्या तारदोरांना वंगण चोपडायचं, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे बिजागऱ्यांत ग्रीस भरायचं. वक्र दरवाजा दोन लांब लोखंडी भुजांवर तोललेला असतो. त्या भुजा मागच्या दगडी खांबांत बसवलेल्या जाडजूड खुंट्यांभोवती फिरतात. तीच त्याची बिजागरी. ती कोरडी पडली तर ऐन पुरात दरवाजा अडकून बसतो. अडकलेल्या दरवाजामागं पाणी चढत जातं, आणि खाली तांबळीकाठी सात गावं होती.

हे सगळं मला पुस्तकातून ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की मला उंचीची भीती वाटते.

म्हणून पहिले तीन दिवस मी पुलावरूनच काम पाहिलं. दुपार कलली की केरबामामा धरणावरच्या चौकीत यायचे, दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहायचे आणि सांगायचे, "लिवा बाई. एक नंबर, डावी बिजागरी. बावीस दाब. आधी काळं निघालं, मग सोच्छ. उजवी बिजागरी, सव्वीस दाब." मी लिहायची आणि खाली सही करायची. मामा पन्नाशीचे असतील. शिडशिडीत, पांढऱ्या मिशा, बोलणं मोजकं. बोलताना ते माझ्याकडे न बघता माझ्या कानामागच्या डोंगराकडे बघत. मला वाटलं, बाई साहेब म्हणून आली आहे, माणूस भिडस्त आहे.

चौथ्या दिवशी सही करताना हात अडला. खात्याच्या नियमपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं होतं, की अभियंत्यानं प्रत्येक बिजागरी स्वतः हात लावून तपासावी. मी एकीलाही हात लावला नव्हता आणि चारांखाली सही ठोकली होती. रात्रभर ते डोक्यात राहिलं. सकाळी पुलावर गेले आणि म्हटलं, "मामा, आज मी उतरणार."

मामांचा चेहरा एकदम उतरला. "नगा बाई. शिडी बुळबुळीत हाय."

"कमरेला पट्टा बांधते. तुमचा माणूस उतरतोच ना?"

ते उपरण्याची गाठ चाचपत राहिले. मग म्हणाले, "बरं, जावा. पर सावकाश. आनि खाली गेल्यावर वरडू नगा. काम करनारं मानूस दचकतंय."

मी शिडीवर पाय ठेवला. तिसऱ्या पायरीवर थांबले. वारा साडीच्या निऱ्यांत शिरला. डोळे मिटावेसे वाटले, पण मिटले तर पायरी कशी सापडणार? तशीच शिडीला चिकटून राहिले. तेवढ्यात खालून आवाज आला.

"तळाकडं नगा बगू. म्होरल्या पायरीकडं बगा फकस्त. हां. आता डावा पाय. ठेवा. आता उजवा. काय बी हुत न्हाई."

चार पायऱ्या उतरल्यावर माझ्या ध्यानात आलं, की हा आवाज बाईचा आहे.

खांबाला लागून हातभर रुंदीचा एक ओटा होता. त्यावर ती उभी होती. कासोटा घातलेलं लुगडं, वरून खाकी सदरा, डोक्याला टॉवेल, कमरेचा पट्टा लोखंडी कडीत अडकवलेला. वय पंचेचाळीसच्या आसपास. तिनं आधी माझा पट्टा दुसऱ्या कडीत अडकवला, दोनदा ओढून बघितला आणि मगच बोलली.

"मी हौसा. त्यांची मालकीन."

ती जराशी हसली. "वरडला न्हाईसा, बरं झालं," म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

मी बघत राहिले. ग्रीस भरायच्या जागी खुंटीत छोटंसं पितळी तोंड बसवलेलं असतं. हौसाबाईंनी ते चिंधीनं पुसलं, चिंधीची घडी उलटून पुन्हा पुसलं.

"इतकं कशाला पुसता?"

"लेकराला घास भरवताना तोंड पुसतो का न्हाई? न पुसता भरवलं तर माती बी पोटात जाती. इथं माती आत गेली की खुंट खाऊन टाकती."

मग त्यांनी ग्रीसगन लावली आणि दांडा दाबायला सुरुवात केली. ओठांत आकडे मोजत होत्या. अकराव्या दाबाला बिजागरीच्या फटीतून जुनं काळं ग्रीस दोऱ्यासारखं बाहेर यायला लागलं. त्यांनी त्यातलं थोडं दोन बोटांत घेऊन चोळलं, उन्हाकडे धरलं आणि माझ्यासमोर आणलं. "हिकडं बगा. पितळंची चमक दिसती का? न्हाई. म्हंजी आत झीज न्हाई. खर लागती का हाताला? तीबी न्हाई. दोन नंबरच्या उजव्या बिजागरीत गेल्या साली बारीक चमक हुती. म्हनून तिला दर म्हयन्याला थोडं थोडं भरती."

हे कुठल्याच नोंदवहीत नव्हतं. मी स्वतः बोटांनी ग्रीस चोळून पाहिलं. तांबळीवर आल्यापासून मी पहिल्यांदा खऱ्या कामाला हात लावत होते.

स्वच्छ ग्रीस बाहेर यायला लागलं तसं त्यांनी थांबवलं, ओट्यावर सांडलेलं पुसून काढलं, चिंध्या मोजून पिशवीत टाकल्या. "आता वर. खुंट येका अंगानं भिजला. दरवाजा हातभर वर घेतला की दुसरं अंग म्होरं येतंय. मग परत भरायचं."

वर आलो. केरबामामा तसेच पेटीला पाठ टेकून बसलेले होते. आमची पावलं त्यांना ऐकू आली असणार, पण ते हलले नाहीत. हौसाबाई त्यांच्याजवळ गेल्या आणि त्यांच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा ते उठले, उपरण्याची गाठ सोडली, तीन फ्यूज चाचपून जागेवर बसवले, बटण दाबलं. दरवाजा हातभर वर आला. बटण सोडलं, फ्यूज पुन्हा उपरण्यात आणि मामा पुन्हा पेटीला पाठ लावून खाली.

"हाक मारली असती तर?" मी विचारलं.

"वाऱ्यात सबूद उडतोय बाई," मामा म्हणाले. "'नगं' म्हटल्यालं 'हूं दे' ऐकू येतंय. आनि आवाज कुनाचाबी असतोय. हिचा हात खांद्यावर पडल्याबिगार फ्यूज जाग्यावर जात न्हाई. मग वरनं कलेक्टर आला तरी."

हे सांगतानाही ते माझ्या कानामागच्या डोंगराकडेच बघत होते. आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते डोंगराकडे बघत नव्हते. ते कुठंच बघत नव्हते.

दुपारी चौकीच्या सावलीत भाकरी खाताना हौसाबाईंनी सगळं सांगितलं. मामा शेजारीच होते, पण त्यांनी मान खाली घातली होती.

"चार वर्सं झाली. कडंकडंनं अंधार यायला लागला. यांनी कुनाला सांगितलं न्हाई, मला बी न्हाई. येक दिस भाकरी घिऊन आले, तर ह्ये खाली वट्यावर. म्हटलं भाकरी वट्यावरच द्यावी, म्हनून शिडी उतरले. बगते तर ह्ये बोटानं चाचपून ग्रीसचं तोंड शोधत्यात, आनि येक पाय निम्मा वट्याच्या भाईर."

"मग?"

"मग काय? बोलले न्हाई. हातातली गन काढून घेतली. भाकरी दोघांनी वट्यावरच खाल्ली. त्या दिसापास्नं मी खाली, ह्ये वर."

"तुम्हाला भीती नाही वाटली?"

"लै वाटली. पर ह्ये पेटीला पाठ लावून बसल्यात म्हटल्यावर खालच्या मानसाला कशाची भीती?"

मामांनी पहिल्यांदाच मान वर केली. "बाई, तुमी सायेब हाय. तुमाला लिवावं लागंल, ते कळतंय मला. पर धा दिस थांबा. पाची दरवाजं उरकू द्या. अर्धवट काम टाकून गेलो असं नगं व्हायला."

थांबणं चूक होतं की बरोबर, हे मला तेव्हा कळत नव्हतं. एका बाजूला नोकरीत नसलेली बाई साठ फुटांवर लोंबकळत काम करत होती आणि माझी सही त्याखाली होती. दुसऱ्या बाजूला तिच्याइतकं निगुतीनं काम करणारा माणूस त्या अख्ख्या विभागात मला माहीत नव्हता. मी थांबले. फक्त दोन गोष्टी केल्या. हौसाबाईंसाठी भांडारातून नवा पट्टा काढला, आणि रोज त्यांच्याबरोबर खाली उतरू लागले. माझी भीती गेली असं नाही, पण ती त्यांच्या आवाजाच्या मागे मागे पायरी पायरीनं उतरायला शिकली.

चौथ्या दरवाजाचं काम चालू होतं तेव्हा ते घडलं. सकाळचे अकरा वाजले असतील. त्या दिवशी मी नोंदवही पुरी करायला वर थांबले होते. धुरळा उडवत जीप आली आणि आमचे उपअभियंता बर्गेसाहेब उतरले. अंगानं दांडगे, आवाज त्याहून दांडगा. माणूस वाईट नव्हता, पण घाईत असला की त्याला दुसऱ्याचं ऐकू येत नसे. त्या दिवशी ते फारच घाईत होते.

"मोठे साहेब दोन वाजता येताहेत," ते दुरूनच ओरडले. "त्यांच्यासमोर चार नंबर चालवून दाखवायचाय. आधी एकदा मला बघू दे. डोंगळे, उठ. घे वर दरवाजा."

मामा बसल्या जागेवरून हलले नाहीत. "अर्धा तास थांबा सायेब. खाली मानूस हाय."

"कोण माणूस? हजेरीवर दरवाजे चालवणारा खलाशी एकच. तू. आणि तू तर इथं बसलायस."

मामांनी उपरण्याची गाठ चाचपली.

बर्गेसाहेबांनी जीपच्या ड्रायव्हरला खूण केली. तो कठड्यावरून वाकला, उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं आणि ओरडला, "कुनी न्हाई साहेब! मोकळं हाय!"

त्याचंही चुकलं नव्हतं. हौसाबाई भुजेच्या आड, खांबाला चिकटून काम करत होत्या. भुजा आणि खांब यांच्यात जेमतेम एका माणसाची जागा होती. दरवाजा वर जायला लागला असता तर तेवढीही राहिली नसती. आणि वरून ती जागा दिसत नव्हती.

"ऐकलंस?" साहेब म्हणाले.

"ऐकलं सायेब."

"मग उठ!"

"खांद्यावर हात पडला की उठतो."

साहेबांना वाटलं, हा आपली थट्टा करतोय. त्यांचा चेहरा लाल झाला. तरातरा चालत ते पुढे आले, वाकले आणि मामांच्या खांद्यावर आपला पंजा ठेवला. "हा घे. पडला हात. आता उठ."

मामांनी मान सुद्धा वर केली नाही. शांतपणे म्हणाले, "ह्यो तुमचा हाय, सायेब."

मग साहेबांचा पारा चढला. मुजोरी, कामचुकारपणा, निलंबन, सगळे शब्द त्या पुलावर आपटले. मामा उपरण्याची गाठ मुठीत धरून पेटीला आणखी रेलले, जणू त्या लोखंडात त्यांना शिरायचं होतं. त्यांच्या कपाळावरून घाम वाहत होता. एक वाक्य बोलले असते तर सुटले असते, पण ते वाक्य त्यांच्या तोंडून येणार नव्हतं. त्या वाक्यानं हौसाबाईंना धरणावरून कायमचं घरी बसवलं असतं, आणि त्यांना स्वतःलाही.

साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, जादा फ्यूज चौकीतल्या कपाटात असतात ना? किल्ली द्या. ड्रायव्हर, तू याला उचलून बाजूला कर."

किल्ली माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होती. पर्स खांद्याला होती. मी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"नाही सर."

"काय?"

"किल्ली देणार नाही. खाली माणूस आहे."

"कोण माणूस? नाव सांगा!"

मी मामांकडे पाहिलं. त्यांनी चेहरा माझ्या आवाजाच्या दिशेला वळवला होता, आणि मान अगदी थोडी, नकारार्थी हलवत होते.

"हौसाबाई," मी म्हणाले. "मामांची बायको. मामांना दिसत नाही, सर. चार वर्षं सगळ्या बिजागऱ्या त्या भरताहेत. गेला आठवडाभर मला हे माहीत आहे."

मामांची मान खाली गेली. ती ज्या तऱ्हेनं गेली ते मी आजवर विसरलेले नाही.

ड्रायव्हर जागच्या जागी थिजला. तेवढ्यात शिडीवर पट्ट्याची कडी वाजली. पुलाच्या कडेवर आधी ग्रीसगन आली, मग काळे झालेले दोन हात, मग टॉवेल बांधलेलं डोकं. हौसाबाई वर आल्या आणि साहेबांना बघून थबकल्या. समोर तिघं जणं का उभी आहेत, हे कळायला त्यांना पळभर लागलं. कळलं तरी त्यांनी साहेबांकडे आधी बघितलं नाही. सरळ मामांपाशी गेल्या आणि त्यांच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला.

मामा उठले. मग हौसाबाई वळल्या, डोक्यावरचा टॉवेल काढून पदर घेतला आणि म्हणाल्या, "नमस्कार करते सायेब. हात घान हायत, म्हनून लांबनं."

साहेब चालत कठड्यापाशी गेले, ड्रायव्हर जिथून वाकला होता तिथूनच वाकले आणि बराच वेळ त्या भुजेकडे आणि खांबाकडे बघत राहिले. परत आले तेव्हा चेहऱ्यावरचा लाल रंग उतरला होता. पुलावरच बसले. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"चालव," थोड्या वेळानं ते मामांना म्हणाले.

दरवाजा वर गेला. तीस टन लोखंड, पण सुपारी फोडल्याएवढाही आवाज नाही. साहेब ऐकत होते.

"तीन-चार वर्षं हे दरवाजे कुरकुरले नाहीत," ते म्हणाले. "मागच्या साली मी डोंगळेला लेखी शाबासकी दिली होती." मग मामांकडे वळून, आवाज खाली आणत, "किती दिसतं रे?"

"उजेड-अंदार कळतोय सायेब."

"आधी का नाही सांगितलंस?"

"कुनाला सांगायचं? मंजूर जागा दोन. येक सात वर्सं रिकामी. डोळं हुतं तवाबी मी खाली उतरलो की पेटीपाशी कुनी नसायचं. कुत्रं जरी बटनावर पडलं असतं तरी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

जाताना साहेबांनी मला जीपपाशी बोलावलं. "अहवाल तुम्ही लिहा. झालं तसं लिहा. तुम्ही आठवडाभर गप्प बसलात तेही लिहा. आणि मी काय करायला निघालो होतो, तेही. गाळाल तर सही करणार नाही."

मी साडेतीन पानं लिहिली. त्यांनी एक शब्द न खोडता सही केली. मला लेखी समज मिळाली, त्यांनाही मिळाली असं पुढं कानावर आलं. पाचवा दरवाजा राहिला होता. साहेबांनी दुसऱ्या धरणावरून दोन खलाशी पाठवले आणि हौसाबाईंनी ओट्यावर न उतरता, कठड्याशी उभं राहून त्यांच्याकडून तो करून घेतला. "तोंड पुसलंसा का?" हा प्रश्न त्या दोन दांडग्या गड्यांनी दिवसभरात वीस वेळा तरी ऐकला असेल.

मामांना कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. काचबिंदू होता. गेलेलं परत येणार नाही, डॉक्टर म्हणाले, राहिलंय ते थेंबानं राखा. नोकरी गेली नाही. त्यांना चौकीत फोनवर बसवलं. पण माझ्याशी बोलणं मात्र त्यांनी टाकलं. रागानं नव्हे. "व्हय बाई", "न्हाई बाई", एवढंच. मी चौकीत गेले की उठून उभे राहायचे आणि मी बाहेर पडेपर्यंत बसायचे नाहीत. सबंध पावसाळा, सबंध हिवाळा असाच गेला. हौसाबाई एकदा म्हणाल्या, "तुमी बरं केलंसा. माझा जीव वाचवला म्हनत न्हाई. त्यो त्यांनी वाचवलाच असता. पर चार वर्सं ह्यो मानूस चोरासारखा जगत हुता, त्यातनं सोडवलंसा. त्यांना जरा येळ लागंल."

बर्गेसाहेबांनी ते प्रकरण सोडलं नाही. रिकाम्या जागेसाठी तीन पत्रं लिहिली, चौथ्या वेळी स्वतः जाऊन बसले. दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये आदेश आला. हौसाबाईंना कायम जागा नाहीच मिळाली, पण देखभालीच्या हंगामापुरती हजेरीपटावर एक कुशल मजूर घेता येईल, असं त्यात होतं. दुसऱ्या खलाशाचीही नेमणूक झाली, वर पेटीपाशी बसायला.

एक एप्रिलला सकाळी मी चौकीत टेबलावर कोरा हजेरीपट उघडला आणि पहिलं नाव लिहिलं. केरबामामा फोनपाशी उभे होते. हौसाबाई दारात, नव्या खाकी सदऱ्याच्या बाह्या दुमडत.

"बाई," मामा म्हणाले. किती महिन्यांनी ते आपणहून बोलत होते. "काय लिवलंसा, ते वाचा की. मोठ्यानं."

मी वाचलं. "अनुक्रमांक एक. हौसाबाई केरबा डोंगळे. कुशल मजूर, यांत्रिकी."

"परत."

मी परत वाचलं. ते मान एका बाजूला कलती करून ऐकत होते. मिशीखाली ओठ हलत होते, तेच शब्द ते मनात म्हणून बघत असावेत. मग कपाळाला आठी पडली.

"मदी माझं नाव कशाला घातलंसा?"

"तशीच पद्धत आहे मामा. नवऱ्याचं नाव लिहावं लागतं."

"काढता येत न्हाई? काम तिचं हाय. उगं माझं नाव नगं त्यात. तिचं येकटीचं असू द्या."

तोच दारातून हौसाबाई म्हणाल्या, "लिवलंय ते ऱ्हाऊ द्या, बाई. येकटीचं कवा हुतं ते?"

आणि ग्रीसचा डबा उचलून त्या पुलाकडे निघाल्या. पाच दरवाजे व्हायचे होते.